खर्चाचे कारण अनोळखी वाचकासाठी लिहा

विद्यापीठातल्या खर्चाच्या प्रत्येक बिलाला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. पैसे खरोखर दिले गेले, ही एक. आणि ते विद्यापीठाच्या कामासाठीच द्यावे लागले, ही दुसरी. पहिली गोष्ट पावती सिद्ध करते. दुसरीसाठी पावती मुकी असते. तिथे कर्मचाऱ्याने स्वतः लिहिलेल्या दोन-तीन ओळीच कामी येतात. असे असूनही कोणत्याही कार्यालयात 'खर्चाचे कारण' हा रकाना सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात घाईने भरला जातो. 'कार्यालयीन कामासाठी', 'शैक्षणिक प्रयोजनार्थ', 'विभागाच्या गरजेपोटी' असे ठरीव शब्द त्यात पडतात. हे शब्द खोटे नसतात. पण ते कुठल्याही बिलाला लागू पडतात, म्हणून समोरच्या बिलाबद्दल काहीच सांगत नाहीत. गुलबर्गा विद्यापीठ, कडगंचीचे केंद्रीय विद्यापीठ, बीदरचे पशुवैद्यकीय विद्यापीठ किंवा हलहळ्ळीचे नवे बीदर विद्यापीठ यांपैकी कुठेही काम करणाऱ्या मराठी वाचकांना इथे एकच गोष्ट पटवून द्यायची आहे: हे कारण आपल्या विभागप्रमुखासाठी लिहू नका. आपल्याला, आपल्या विभागाला आणि आपल्या मुलखाला न ओळखणाऱ्या माणसासाठी लिहा.

हा अनोळखी माणूस कल्पनेतला नाही. विभागप्रमुखाची सही झाली की बिल वित्त अधिकाऱ्याच्या कार्यालयात जाते, तिथून पैसे मिळतात आणि आपल्या लेखी विषय संपतो. कागद मात्र फाइलीत राहतो आणि पुढे लेखापरीक्षकाच्या हाती पडतो. राज्याच्या विद्यापीठांचे हिशेब कर्नाटक राज्य लेखापरीक्षण व लेखा विभाग तपासतो. केंद्रीय विद्यापीठाचे नियंत्रक व महालेखापरीक्षकांची यंत्रणा तपासते. ही तपासणी खर्चानंतर बऱ्याच काळाने होते. तोवर विभागप्रमुख बदललेला असतो, लिपिकाची बदली झालेली असते, बिल करणारा कदाचित निवृत्त झालेला असतो. 'विचारलं असतं तर सांगितलं असतं' ही सोय तेव्हा उरत नाही. शिवाय २००५ च्या माहिती अधिकार कायद्यामुळे हाच कागद कुणीही नागरिक मागू शकतो. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम २१ या वाचकाची नजर नेमकी सांगतो. सार्वजनिक पैसा खर्च करताना समंजस माणूस स्वतःच्या पैशाबाबत जेवढी दक्षता बाळगतो तेवढी बाळगावी. प्रसंगाला लागतो त्याहून जास्त खर्च दिसू नये. मंजुरी देणाऱ्याचा स्वतःचा फायदा त्यात नसावा. एखाद्या व्यक्तीच्या किंवा गटाच्या लाभासाठी तो पैसा जाऊ नये. आणि भत्ता हे कमाईचे साधन होऊ नये. राज्याच्या वित्तीय संहितेचा रोखही याहून वेगळा नाही. लेखापरीक्षक आक्षेप काढतो तो याच कसोट्यांवर, म्हणून कारण लिहितानाही त्याच डोळ्यांसमोर ठेवाव्यात.

सीमाभागात ही गरज दुप्पट होते, कारण इथे जे सगळ्यांना उघड दिसते ते बेंगळुरूत बसलेल्या वाचकाला कोडे वाटते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हैदराबाद राज्याची वाटणी झाली. बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, तर बीदर, भालकी, औराद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात राहिले. कारभाराची राजधानी बदलली. बाजारपेठ, सोयरीक आणि रस्ते मात्र जुन्याच दिशांनी चालू राहिले. भालकीच्या माणसाला उदगीरहून सामान आणणे स्वाभाविक वाटते, आळंदच्या माणसाला सोलापूर. पण बिलावरचा जीएसटी क्रमांक २७ ने सुरू झाला की माल महाराष्ट्रातला, ३६ ने सुरू झाला की तेलंगणातला, हे तपासणाऱ्याला लगेच कळते, आणि २९ हा कर्नाटकाचा आकडा न दिसल्यामुळे पहिला प्रश्न तिथेच उठतो: राज्याबाहेर का? प्रवासाचेही तसेच. बीदरहून विमानसेवा ७ फेब्रुवारी २०२० ला सुरू झाली, मध्ये बंद पडली, पुन्हा सुरू झाली. दिल्लीच्या बैठकीला बीदरचा प्राध्यापक हैदराबादहून विमानाने गेला आणि तिथवरच्या मोटारीचे बिल त्याने जोडले, तर त्या आठवड्यात बीदरहून विमान होते की नव्हते हे पुढच्या काळातल्या वाचकाला माहीत असण्याचे कारण नाही. बीदर-कलबुर्गी रेल्वेमार्ग २९ ऑक्टोबर २०१७ ला सुरू झाला. तेव्हापासून या दोन गावांमधल्या मोटारभाड्याच्या प्रत्येक बिलाला 'रेल्वे असताना गाडी का' या प्रश्नाला सामोरे जावे लागते. उत्तर बहुतेक वेळा साधे आणि खरे असते. ते कागदावर नसते, एवढीच अडचण.

म्हणून कारण लिहिताना चार प्रश्नांची उत्तरे द्यावीत: काम कोणते आणि ते कुणी सोपवले, ते याच पद्धतीने का केले, एवढीच रक्कम का लागली, आणि त्यातून काय निष्पन्न झाले. समजा, मराठीतल्या एका पीएच.डी.च्या मौखिक परीक्षेला नांदेडहून बाह्य परीक्षक मोटारीने आले. बिलावर 'परीक्षेसाठी प्रवासखर्च' एवढेच लिहिले तर परीक्षा कोणती, मोटार का आणि येणे गरजेचे होते का, हे तिन्ही प्रश्न मोकळे राहतात. तिसरा प्रश्न तर हमखास येतो, कारण ही परीक्षा आता ऑनलाइनही घेता येते. त्याऐवजी असे लिहावे: 'परीक्षा विभागाच्या अमुक क्रमांकाच्या, अमुक तारखेच्या पत्रानुसार मराठीतील पीएच.डी. मौखिक परीक्षा. प्रबंध मोडी दफ्तरांवर आधारित असल्याने परीक्षकांनी मूळ कागद प्रत्यक्ष पाहण्याची मागणी केली. त्यांचे पत्र सोबत. सकाळी ११ पूर्वी पोचणारी थेट गाडी त्या दिवशी नसल्याने भाड्याची मोटार घेतली. दर विद्यापीठाच्या मंजूर दरपत्रकाप्रमाणे. परीक्षा त्याच दिवशी पूर्ण, अहवाल सादर.' सहाच वाक्ये झाली, पण प्रत्येक वाक्य एकेका संभाव्य आक्षेपाचे उत्तर आहे. यात भारदस्त विशेषण एकही नाही. 'अत्यंत महत्त्वाची परीक्षा', 'अपरिहार्य परिस्थिती' अशा शब्दांनी तपासणाऱ्याची खात्री पटत नाही. पत्राचा क्रमांक, वेळ, दर आणि निष्पत्ती यांनी पटते. आणखी एक पथ्य इथेच सांगायला हवे. प्रश्नपत्रिका काढणे, तपासणे अशा गोपनीय कामांच्या बिलात कारण स्पष्ट करण्याच्या भरात नावे आणि विषय उघड करू नयेत. नेमणुकीच्या आदेशाचा क्रमांक द्यावा आणि तपशील गोपनीय शाखेच्या नोंदीत ठेवावा.

प्रयोगशाळेच्या आणि शिवारातल्या कामात 'याच पद्धतीने का' हा प्रश्न सगळ्यात जड असतो, कारण त्याचे उत्तर शास्त्रात असते आणि तपासणारा शास्त्राचा नसतो. देवणी गाय ही या सीमेच्या दोन्ही बाजूंची. तिच्यावर काम करणाऱ्या संशोधकाने औराद तालुक्यातल्या गावांतून रक्ताचे नमुने गोळा केले आणि 'फील्डवर्कसाठी जीपभाडे' एवढेच लिहिले, तर बस का नाही, हा प्रश्न विचारणाऱ्याची चूक म्हणता येणार नाही. उत्तर संशोधकाच्या डोक्यात तयार असते: जनावरे चरायला सुटण्याआधी पहाटे गोठ्यावर पोचावे लागते, नमुने बर्फाच्या पेटीत ठेवून ठरलेल्या वेळेत प्रयोगशाळेत आणावे लागतात, एका फेरीत तीन-चार गावे करायची असतात. हेच साध्या शब्दांत लिहावे आणि पुढे मोजमाप द्यावे: कोणती गावे, किती जनावरे, निघताना आणि परतताना मीटरवर किती किलोमीटर, नमुन्यांची नोंद कोणत्या वहीच्या कोणत्या पानावर, खर्च प्रकल्पाच्या कोणत्या लेखाशीर्षाखाली. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना चितापूर तालुक्यातल्या सन्नतीचा अशोककालीन लेख दाखवायला नेणाऱ्या प्राध्यापकालाही हेच लागू आहे. अभ्यासक्रमातला घटक, विद्यार्थ्यांची सह्यांची यादी आणि परतल्यावर झालेले लेखनकार्य यांचा उल्लेख झाला की तो प्रवास सहल राहत नाही, अध्यापन ठरतो. चहा-जेवणाच्या बिलात माणसांची संख्या हा कणा असतो. ६० ताटांचे बिल आणि हजेरीपटावर ४५ सह्या असतील, तर उरलेले १५ कोण होते, हे लिहून टाकावे: चालक, मदतनीस, नोंद करून न आलेले. फरक आपण आधी सांगितला तर ती माहिती असते. तपासणाऱ्याने शोधून काढला तर तो आक्षेप होतो.

याचा अर्थ प्रत्येक बिलावर निबंध लिहावा, असा नाही. जो खर्च ठरलेल्या दराने, ठरलेल्या मार्गाने, आधीच्या मंजुरीनुसार झाला आहे त्याला एक ओळ पुरे. शब्द खर्च करायचे ते नेहमीपेक्षा वेगळे जे घडले त्यावर: काम एका दिवसाचे असताना मुक्काम का करावा लागला, रेल्वेऐवजी मोटार का, स्थानिक दुकान सोडून बाहेरचे का, अंदाजापेक्षा रक्कम जास्त का. केंद्रीय विद्यापीठात वस्तूंची खरेदी जेम (GeM) या सरकारी खरेदी पोर्टलवरून करण्याचा नियम असल्याने बाहेरून घेतले तर वस्तू तिथे उपलब्ध नव्हती याचा त्या दिवशीचा पुरावा जोडावा. बाजारातून थेट घेतलेल्या छोट्या वस्तूंसाठी नियमांत एक प्रमाणपत्रच दिलेले आहे, की वस्तू योग्य दर्जाची असून विश्वासू विक्रेत्याकडून रास्त दरात घेतल्याची माझी स्वतःची खात्री झाली आहे. त्यावर सही करताना आणखी दोन दुकानांत विचारलेला भाव शेजारी नोंदवला, तर त्या सहीला वजन येते. पावती हरवली असेल तर हरवली असे स्पष्ट लिहावे, नियमात बसत असेल तर स्वयंघोषणा द्यावी. ओळखीच्या दुकानातून कोरे बिल आणून भरू नये. पुण्याच्या परिषदेला जोडून रविवारी नातेवाइकांकडे राहिलात, तर तेही लिहावे: परिषद शनिवारी संपली, रविवार खासगी, त्या दिवसाचा भत्ता मागितलेला नाही. एवढ्या एका वाक्याने उरलेल्या सगळ्या बिलाचा भरवसा वाढतो.

कारण लिहायची योग्य वेळ खर्चाच्या आधी सुरू होते. दौऱ्याची मंजुरी मागताना जे कारण लिहिले तेच बिलात पुढे न्यावे आणि प्रत्यक्षात काय बदलले तेवढी भर घालावी. मग दोन कागद एकमेकांचे साक्षीदार होतात. मंजुरीच्या अर्जात 'चर्चासत्र' आणि बिलात 'ग्रंथालयभेट' असेल, तर दोन्ही खरे असूनही संशय येतो. कार्योत्तर मंजुरीची वेळ आलीच तर आधी का विचारता आले नाही, हेही त्याच कारणाचा भाग समजावे. केंद्राच्या नियमांत प्रवासभत्त्याचे बिल प्रवास संपल्यापासून ६० दिवसांत द्यावे लागते. पूर्वी ही मुदत एक वर्षाची होती, ती मार्च २०१८ मध्ये कमी झाली. राज्याच्या विद्यापीठांतल्या वाचकांनी आपापल्या वित्त विभागाची मुदत विचारून घ्यावी. पण मुदत कितीही असो, कारण परतल्याच्या दिवशीच लिहावे. गाडी किती वाजता सुटली, कुणी फोन करून बैठक पुढे ढकलली, दुसऱ्या दुकानाने काय भाव सांगितला, हे तपशील आठवड्याभरात विरतात आणि मग त्यांच्या जागी 'अपरिहार्य कारणास्तव' येऊन बसते.

भाषेचा प्रश्न इथल्या मराठी माणसाला वेगळा भेडसावतो. राज्याच्या कार्यालयांचा कारभार कन्नडमध्ये, केंद्रीय विद्यापीठाचा इंग्रजी-हिंदीत, आणि विचार मराठीत. अशा वेळी परक्या भाषेतली तयार छापील वाक्ये उचलण्याचा मोह होतो, आणि मोघमपणा बहुधा तिथूनच शिरतो. उपाय असा, की चार प्रश्नांची उत्तरे आधी मराठीत, बोलल्यासारखी, एका कागदावर लिहावीत. मग ती कन्नड किंवा इंग्रजीत छोट्या वाक्यांनी मांडावीत आणि सहकाऱ्याकडून तपासून घ्यावीत. व्याकरण थोडे अडखळले तरी चालेल. तारीख, क्रमांक आणि कारण अडखळता कामा नये. महाराष्ट्रातून आलेल्या हाती लिहिलेल्या पावत्यांबाबत विशेष काळजी घ्यावी. देवनागरीतला १ हा त्या लिपीची सवय नसलेल्याला इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि घाईत लिहिलेला ५ चारसारखा. उदगीरच्या दुकानदाराने लिहिलेले १५० रुपये बेंगळुरूत ९४० वाचले गेले, तर बिल आणि पावती जुळत नाही असा शेरा पडतो. अशा पावतीखाली वस्तू, तारीख आणि रक्कम कार्यालयाच्या भाषेत व इंग्रजी आकड्यांत लिहून सही करावी. मूळ पावतीवर मात्र खाडाखोड करू नये. हा गोषवारा वेगळ्या कागदावर किंवा पाठीमागे असावा.

यावर काही जण म्हणतील, कर नाही त्याला डर कशाला? आपण प्रामाणिकपणे खर्च केला असेल तर जागोजाग स्पष्टीकरण का द्यायचे? या प्रश्नातला स्वाभिमान समजण्यासारखा आहे. पण प्रामाणिकपणा ओळखणारी माणसे आपल्या भोवती असतात आणि तपासणारा त्यांच्यात नसतो. त्याच्यासमोर प्रामाणिक मोघम बिल आणि लबाड मोघम बिल अगदी सारखे दिसतात. या दोहोंतला फरक दाखवायचे साधन प्रामाणिक माणसाच्याच हाती आहे, कारण खरे तपशील त्याच्याकडेच असतात. दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे: जितके जास्त लिहावे तितके तपासणाऱ्याला पकडायला जास्त सापडते. जास्त लिहिण्यात हा धोका आहे, नेमके लिहिण्यात नाही. पसरट मजकुरात विसंगती शिरते. कामाचा आदेश, पद्धत, रक्कम आणि निष्पत्ती एवढ्यावर थांबलेल्या मजकुरात ती शिरायला जागा नसते. आणि कोऱ्या रकान्यालाही आक्षेप येतोच, शिवाय उत्तर वर्षांनंतर, स्मरणावर विसंबून द्यावे लागते. तिसरे म्हणणे असे, की दोनशे रुपयांच्या रिक्षासाठी एवढा खटाटोप कशाला. छोट्या रकमेला एक ओळ पुरे, हे खरेच. पण कुठून कुठे आणि कोणत्या कामाला, हे त्या ओळीत हवे. छोट्या रकमा वारंवार येतात, आणि मोघम छोट्या रकमांची वर्षाची बेरीज हा एक मोठा प्रश्न होऊन समोर येतो.

या सल्ल्याची मर्यादाही स्पष्ट असावी. चांगले कारण अवैध खर्चाला वैध करू शकत नाही. मंजुरीची मर्यादा चुकवण्यासाठी एका खरेदीचे तुकडे पाडणे वित्तीय नियमांत मना आहे. प्रत्येक तुकड्याला वेगळे सुंदर कारण लिहिल्याने ते चालत नाही, उलट हेतू उघड होतो. बिल मंजूर करणाऱ्याचाच प्रवास असेल तर त्याने वरच्या अधिकाऱ्याची सही घ्यावी. आणि लिहिता लिहिता चार प्रश्नांपैकी एकाचे उत्तर प्रामाणिकपणे देता येत नाही असे लक्षात आले, तर तो खर्च विद्यापीठाकडे मागायचाच नाही. खर्चाच्या आधी कारण लिहिण्याचा हा सगळ्यात मोठा फायदा आहे: नको तो खर्च तिथेच थांबतो.

या साऱ्याशी आपल्या कल्याण कर्नाटक प्रदेशाचे हितही बांधलेले आहे. प्रादेशिक असमतोलावरचा नंजुंडप्पा समितीचा अहवाल २००२ मध्ये आला आणि ९८ व्या घटनादुरुस्तीने कलम ३७१(जे) मिळाले, ते इथला अनुशेष भरून निघावा म्हणून. अनुदान मागण्याइतकेच त्याचा हिशेब देणे महत्त्वाचे असते. उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत गेले नाही तर पुढचा हप्ता अडतो, आणि ते प्रमाणपत्र शेवटी अशाच एकेका बिलावर उभे असते. आगाऊ रकमेचा अडकलेला हिशेब म्हणजे कुणाच्या तरी पगारातून वसुली आणि कुणा संशोधक विद्यार्थ्याचा थांबलेला प्रकल्प. तेव्हा पुढचे बिल देण्यापूर्वी एक चाचणी करावी. ते दुसऱ्या विभागातल्या, त्या कामाशी काडीचाही संबंध नसलेल्या सहकाऱ्याला वाचायला द्यावे आणि आपण गप्प बसावे. त्याने जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर तोंडी देऊ नये. ते कारणाच्या रकान्यात लिहावे आणि मगच सही करावी.